विहिरीतल्या माणसाचे नातेवाईक

पोलीस खात्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या खोलीत तर पंख्यावर धूळ कमी आणि किस्से जास्त! मैत्रिणी भेटल्या की पहिलं वाक्य तेच, "अरुणा, तुमच्यातलं काहीतरी सांग की." आज एकाच केसचे सांगते. एका केसमध्ये इतके किस्से मावतात, हे मलाही आधी माहीत नव्हतं.

आमचा कक्ष जुन्या, न उलगडलेल्या गुन्ह्यांचा. सोलापुरातच, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या गंजक्या रांगेमागे. माणसं तीन. कदम साहेब आमचे इन्स्पेक्टर. त्यांना इथं 'विशेष जबाबदारी' देऊन पाठवलं होतं. खात्यात विशेष जबाबदारी म्हणजे काय, हे ती मिळालेल्या माणसाच्या बायकोला विचारावं! दुसरे हवालदार बिराजदार. अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि मोठ्या साहेबांसमोर मौन. तिसरी मी, कॉम्प्युटर येतो म्हणून बंदोबस्तातून उचलून आणलेली.

आणि चौथा आमच्या कपाटातला. नातेपुत्याजवळच्या एका गावात दुष्काळात पडक्या विहिरीचा गाळ काढताना हाडं सापडली होती. पुरुषाची. कवटीला मागून मार. नाव नाही, गाव नाही. हाडं पोत्यातून खोक्यात आणि खोक्यातून कपाटात गेली. कक्षात बढती मिळालेला तो एकटाच.

*

त्याच गावची लेक सुंदराबाई. तिचा धाकटा भाऊ पांडुरंग बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात घरातून गेला तो परत आलाच नाही. गाव म्हणायचं, मुंबईला पळाला, तिकडंच बायको केली. ती कक्षात पहिल्यांदा आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "बाई, तुमची तक्रार काय?"

"तक्रार न्हाय साहेब. भाऊ हाय का न्हाय, तेवढं सांगा."

मग तिनं सांगितलं ते ऐकून मी टायपिंग थांबवलं. भाऊबिजेला ती रिकामा पाट मांडते, भोवती रांगोळी काढते आणि त्या पाटाला ओवाळते. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, ही आपल्याकडची रीत. सुंदराबाई त्या दिवशी चंद्राकडं मान वर करून बघतही नव्हती.

"चंद्राला ओवाळलं म्हंजी त्यो मेला असं मीच म्हनल्यावानी हुतंय की. आता वय झालं माजं. पाट का चंद्र, तेवढं सांगा."

ती गेल्यावर साहेब मला हळूच म्हणाले, "पाट का चंद्र, हे कुठल्या कलमाखाली घ्यायचं?"

घेतलं शेवटी. हाडांचा आणि तिचा नमुना तपासायला गेला. रिपोर्ट आला. मयत आणि सुंदराबाई सख्खे भाऊ-बहीण नाहीत! साहेबांनी निरोप धाडला आणि त्याच आठवड्यात बाई पेढे घेऊन हजर.

खात्यात मी पुष्कळ पेढे खाल्लेत. बढतीचे, बदलीचे, बदली रद्द झाल्याचे. "हाडं माज्या भावाची न्हाईत" म्हणून पेढे मात्र पहिल्यांदाच. म्हणजे तो कुठंतरी जिवंत आहे, असा तिचा हिशेब. साहेबांनी दोन उचलले आणि म्हणाले, "बघा अरुणा, लोक म्हणतात खातं कोणाला आनंद देत नाही."

तिला जीपमधून घेऊन आला होता तिचा चुलतभाऊ वसंतराव. गावच्या दूध संस्थेचा चेअरमन, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. पांडुरंग गेल्यापासून दर भाऊबिजेला साडी घेऊन हाच तिच्या दारात. पांडुरंगाच्या वाट्याचा ऊसही हाच बघत होता, बिचारा! त्यानं पेढा घेतला नाही. "शुगर हाय मला," म्हणाला.

*

पुढं साहेबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि आमचे हाल सुरू झाले.

तिकडे अमेरिकेत म्हणे लोक आपले पूर्वज शोधायला हौसेनं स्वतःची थुंकी कंपनीला पाठवतात. त्या साठ्यात पोलीस मयताचा नाहीतर खुन्याचा लांबचा भाऊबंद हुडकतात आणि वंशवेल मांडत मांडत नेमक्या माणसापर्यंत पोचतात. साहेबांनी हे सगळं फळ्यावर आकृती काढून समजावलं. बिराजदारांनी हात वर केला.

"साहेब, तितल्या लोकांना आपले चुलते म्हाईत नसत्यात?"

"नसतात."

"मग लग्नात रुसतंय कोन?"

आपल्याकडं असा साठा नाही. आपल्या माणसाला पूर्वज शोधायची गरजच काय! एसटीत शेजारी बसलेला माणूस टेंभुर्णी यायच्या आत तीन पिढ्या सांगून मोकळा होतो, तेही न विचारता. थुंकी मात्र तो कंपनीला पाठवत नाही, खिडकीतून टाकतो. म्हणून साहेबांनी ठरवलं की आपणच विहिरीच्या गावात जायचं, लोकांनी राजीखुशीनं नमुने द्यायचे आणि मयताचा भाऊबंद तिथंच शोधायचा.

*

शिबिर गावच्या शाळेत. मंडप वसंतरावांचा, जिलेबी वसंतरावांची आणि पहिला नमुनाही वसंतरावांचाच. आधी हार, मग नारळ, मग नळीत थुंकी! थुंकतानाचा फोटो त्यांनी स्वतः गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कायद्याला सहकार्य.' मग बसून जिलेबी खाल्ली, चांगली पाक निथळणारी.

सकाळी कोणीतरी उठवलं की ज्याचं मयताशी जुळेल त्याला मयताची जमीन मिळणार. रांग फाटकाबाहेर!

"म्याडम, ल्ह्या. त्यो मयत माजा चुलता लागतोय."

"कोण होता? नाव काय?"

"नाव तुमी हुडका की! नातं मी सांगितलं न्हवं?"

एक म्हातारा तर म्हणाला, माझ्याच मांडीवर खेळला तो. मयताचं वय तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं.

दुपारी अफवा पालटली. ज्याचं जुळेल त्याच्यावर खुनाची केस! चहा यायच्या आत शाळेचं पटांगण मोकळं. दोन सख्खे भाऊ सकाळी एकाच मोटारसायकलवरून आले होते. फाटकात बिराजदारांनी त्यांना अडवल्यावर पुढचा मागच्याला म्हणाला, "पावनं, तुमचं गाव कुटलं म्हनायचं?"

*

नमुने पुण्याला एका लॅबमध्ये गेले. तिथं एक मॅडम होत्या, परदेशात शिकून आलेल्या. बाई हुशार, यात शंका नाही. पण त्यांचं सॉफ्टवेअरही परदेशात शिकून आलेलं.

पहिला व्हिडिओ कॉल आला तो घाबऱ्या आवाजात. "एका घरातले चार नमुने आहेत. आजोबा, आजी, सून आणि नातू. चारही नमुने एकाच व्यक्तीचे निघतायत. असं होऊच शकत नाही!"

बिराजदार गावाला गेले. आजोबा ओट्यावर बसलेले.

"आजोबा, चारी नळ्यांत तुमीच थुकला व्हय?"

"मंग? एकाच घरचं रक्त की! चौगांचा कशाला खोळंबा?"

"अहो, पन सून?"

"सून काय शेजाऱ्याची हाय का?"

याचं उत्तर सुनेला विचारलं असतं तर मिळालं असतं, पण तिला कोण विचारणार? ती तेव्हा वैरण आणायला गेली होती.

*

दुसरा कॉल त्याहून भारी. गावात दुकान टाकलेलं अक्कलकोटकडचं एक कुटुंब होतं. त्यांनीही हौसेनं नमुने दिलेले. मॅडम म्हणाल्या, "या नवरा-बायकोच्या नळ्यांमध्ये काहीतरी गोंधळ झालाय. सॉफ्टवेअर म्हणतंय, ही बाई या माणसाची सख्खी भाची आहे. एरर आहे."

बिराजदार स्क्रीनसमोर वाकले. "एरर न्हाय मॅडम. लगीन हाय."

पलीकडं मॅडम पडद्यावर थिजल्या. आम्हाला वाटलं नेट गेलं.

"असं... चालतं?"

"आमच्याकडं मामाचा पैला हक्क असतोय की!" बिराजदार अभिमानानं म्हणाले.

मी वर पंख्याकडं बघत बसले. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू, दारात माग. माझे आजोबा माझ्या आजीचे सख्खे मामा. त्या वेळी साहेब प्रात्यक्षिकासाठी माझी थुंकी मागत होते. मी म्हटलं, "साहेब, मला सर्दी आहे."

मॅडम बिचाऱ्या महिनाभर नवीन गणित शिकत होत्या. त्यांचं यंत्र जवळचे म्हणायचं ते निघायचे लांबचे, पण तीन-तीन बाजूंनी लांबचे! शेवटी त्या स्वतःच फोनवर विचारायला लागल्या, "हे आत्याकडून की मामाकडून?" त्या दिवशी बिराजदार म्हणाले, "आता मॅडम सोलापूरच्या झाल्या."

*

अखेर निकाल आला. वसंतरावांचं मयताशी काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "संपलं! पांडुरंगाचा सख्खा चुलतभाऊ जुळत नाही, म्हणजे हा पांडुरंग नाहीच." वसंतरावांना फोन लावला. ते म्हणाले, "मी म्हनतच हुतो साहेब. त्यो मुंबईत मजेत असंल."

पण मॅडम आता नवीन गणित शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा. सुंदराबाईंचा जुना नमुना मी नव्या पद्धतीनं लावून बघितला. त्या मयताच्या सख्ख्या बहीण नाहीत, हे बरोबर. पण परक्याही नाहीत. नातं जवळचं आहे आणि ते आईच्या बाजूनं आहे. मला मावसभाऊ वाटतोय."

"म्हणजे हरवलेला मावसभाऊ शोधायचा!" साहेब लगेच उठले. सुंदराबाईची एकच मावशी, करमाळ्याच्या बाजूला दिलेली. आम्ही तिघं जीपमध्ये बसलो. वाटेत साहेब मावशीच्या किती मुलांपैकी कोण गायब असेल, यावर आम्हा दोघांना शिकवत होते.

मावशी पंचाहत्तरीची. ऐकू कमी, बाकी सगळं दणदणीत. साहेबांनी ओरडून विचारलं, "आजी, मुलगे किती तुम्हाला?"

"चार."

चारी समोर उभे. धडधाकट. त्यातला एक तर आमच्यासाठी भजी तळत होता.

"एखादा हरवला का कधी?"

"हरवायला ती काय म्हसरं हायती?"

साहेबांचा चेहरा पडला. भजी न खाता ते जीपकडं निघाले, यावरून समजा. बिराजदार मात्र उकिडवे बसले म्हातारीजवळ. त्यांनी करमाळ्याच्या कमलाभवानीची जत्रा काढली, पाऊसपाणी काढलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज्जी, पोरं चार. बाळंतपनं किती झाली?"

"पाच."

"मग पाचवं?"

"त्ये माजं न्हवं. त्ये अक्काचं."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, सुंदराबाईची आई.

"अक्काला सुंदरीवर पोर हुईना. तिच्या सासरची लई बोलायची, वारस न्हाय म्हनून. म्या आपलं अंगावरचं लेकरू तिच्या वटीत घातलं. एकदा घातलं ते घातलं. त्ये तिचंच. पांडू न्हवं का!"

साहेबांचा एक पाय जीपमध्ये आणि एक खाली, तसाच राहिला.

मला त्या क्षणी पेढेच आठवले. सख्खे भाऊ-बहीण नाहीत, असा रिपोर्ट होता. रिपोर्ट अगदी बरोबर होता आणि आम्ही त्या बाईला अगदी खोटं सांगितलं होतं. तिनं त्यावर पेढे वाटले होते आणि पुढच्या भाऊबिजेला पाट मांडला होता. फार वाईट वाटलं मला. अजूनही वाटतं.

मावशीची थुंकी घेतली. पुढं ती आई म्हणूनच जुळली. नळीचं झाकण लावताना ती बिराजदारांना म्हणाली, "मी आई म्हनून कुटं बोलू नगा. अक्काला वर वाईट वाटंल."

परतताना साहेब पत्रकार परिषदेचं भाषण जुळवत होते. अत्याधुनिक तंत्रज्ञान, अथक प्रयत्न वगैरे. बिराजदार बराच वेळ बाहेरचा ऊस बघत होते. मग म्हणाले, "साहेब, चेअरमन पैल्या नंबरला का थुकले असतील हो?"

"हौशी माणूस आहे!" साहेब म्हणाले.

*

सुंदराबाईला बोलावलं. जीप घेऊन वसंतराव सोबत होतेच. साहेबांना असं काही सांगायची सवय नाही. त्यांनी आधी तंत्रज्ञान सांगितलं. तिला काही कळलं नाही. मग मीच तिच्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सुंदराबाई, तो पांडुरंगच होता."

ती रडली नाही. पदर तोंडाला लावला आणि कपाटाकडं बघत राहिली. हाडं कुठं ठेवलीत, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी नेमकी त्या कपाटाकडंच. शेवटी म्हणाली, "म्हंजी यंदा पाट न्हाई."

साहेबांना शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "अहो बाई, तो दत्तक होता हे आधी का नाही सांगितलं? आमचा किती वेळ गेला!"

"घरात समद्यास्नी ठावं हुतं, पर दत्तक न्हाय साहेब, भाऊ. तुमी इचारलं, कोन लागतो? मी म्हनलं, भाऊ. एका ताटात जेवलो आमी. मग आनि काय लागत असतो भाऊ?"

साहेबांनी कागदावरचा 'दत्तक' शब्द स्वतः खोडला. कक्षात हे पहिल्यांदाच घडलं. मग आपला आवाज सांभाळत ते म्हणाले, "घरात कोणालाच कसं वाटलं नाही, की तो वारला असेल? अख्खं गाव मुंबई-मुंबई करत बसलं!"

"गाव करत हुतं. वसंता न्हाय," सुंदराबाई म्हणाली. तिनं शेजारी बसलेल्या वसंतरावांच्या हातावर हात ठेवला. "ह्यो लई मायेचा, साहेब. ह्याचा जीव तुटायचा माज्यासाटी. पांडू उनाळ्यात गेला न्हवं? आमी समदी म्हनायचो, दिवाळीला ईल. मी पाट मांडून दाराकडं डोळं लावून बसले हुते. ह्यो आला साडी घिऊन. त्यानं पाट उचलला, भिताडाला टेकवला, अन् म्हनला, ताई, पाट कशाला मांडतीस? चंद्राला ओवाळ."

साहेबांचं पेन हातातच राहिलं.

वसंतरावांनी तिच्या हाताखालून हात काढून घेतला आणि उठले. "जीप उन्हात लावलीया," म्हणाले.

बिराजदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खुर्चीत बसवलं.

"बसा की चेअरमन. च्या सांगितलाय."